४×२×२ रीफ टँकसाठी ओव्हरफ्लो कोणता घेऊ? दुसरा मजला, खाली घरमालक राहतात

मानेवाडा_रीफ:

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक बरीच वर्षे सांभाळला, आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्यात, कोरलच्या रीफ टँकमध्ये, उतरून राहिलो आहे. टँक ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, काच १२ मिमी. खाली कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे वरून उतरणारे पाणी जमा होणारी दुसरी टाकी, ३ फूट × १६ इंच × १६ इंच. काच अजून कापायला दिलेली नाही, त्यामुळे होल कुठे आणि किती पाडायचे हे ठरवायला वेळ आहे. ठेवायचे म्हणाल तर झोआ आणि मशरूम (दगडी सांगाडा नसलेले कोरल), क्लाउनफिशची जोडी, थोड्या गोगलगायी.

गाडी अडली आहे ती ओव्हरफ्लोवर, म्हणजे टँकचे वरचे पाणी खाली संपात उतरवायच्या सोयीवर. टँक बनवणारे म्हणतात, कोपऱ्यात एक बॉक्स, तळाला एक इंची होल, त्यात ड्युर्सो पाईप, बाजूला रिटर्नचे (पंपाने पाणी संपातून परत वर आणायचे) होल, झाले काम. वाचायला बसलो तर कोणी हर्बी सांगते, कोणी बीनॲनिमल. आवाज कमी असावा हे खरेच, बाबा हॉलमध्येच झोपतात. पण माझी खरी भीती पाण्याची आहे. घरमालक काकूंचे देवघर बरोबर आमच्या हॉलच्या खाली येते. मे महिन्यात वावटळ सुटली की इकडे लाईट दहा मिनिटांत तीन-चारदा जाते-येते, आणि आम्ही दोघेही दिवसभर मिहानला ऑफिसात. घरी कोणी नसताना पाणी फरशीवर येणार नाही असा सेटअप कोणता?

रिटर्न पंप ताशी ३,००० लिटरचा पाहून ठेवला आहे, अजून घेतला नाही.

वर्धा_ॲक्वा:

भाऊ, नव्या काचेला भोकं काहून पाडता? मागच्या काचेवर लटकवायचा हँग-ऑन ओव्हरफ्लो बॉक्स मिळते. यू नळी असलेला घ्या. उद्या घर बदलले, टँक विकायचा झाला, तर काच शाबूत राहते. माझ्याकडे दोन फुटीवर तोच आहे, मस्त चालून राहिला.

रीफ_खामला:

वर्ध्याच्या दादांचा टँक चांगला चालतो आहे, आनंद आहे. पण दुसऱ्या मजल्यावर, दिवसभर कुलूपबंद घरात, हँग-ऑन बॉक्स मी कोणालाच सुचवणार नाही. त्यात पाणी उलट्या यू नळीतून काच ओलांडते. चांगल्या बनावटीत लाईट गेल्यावरही नळीची दोन्ही तोंडे पाण्यात बुडालेली राहतात आणि सायफन (भरलेल्या नळीतून पाणी आपोआप ओढले जाणे) टिकतो, इथपर्यंत ठीक. अडचण नंतरची आहे. पाण्यातले बारीक बुडबुडे नळीच्या माथ्याशी जमत जातात. प्रवाह मंद असला की जास्तच जमतात. हवा पुरेशी जमली की सायफन तुटतो, आणि खालच्या पंपाला ते कळत नाही, तो पाणी वर ढकलतच राहतो. त्रिमूर्तीनगरात एका ओळखीच्या घरी असेच झाले. सकाळी उठले तेव्हा हॉलभर पाणी, लाकडी शोकेसचे पाय फुगलेले, आणि खालच्यांच्या छताला खारट पाण्याचा पट्टा. तो पट्टा रंग मारूनही पुन्हा पुन्हा फुटत होता, कारण मीठ स्लॅबमध्ये उतरले होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कोणताही ओव्हरफ्लो बघताना मी एकच गोष्ट विचारते: मुख्य पाईप पूर्ण बंद झाला तर पाणी कुठून जाईल? "बंद होणार नाही" हे उत्तर मी मान्य करत नाही. पाईप बंद होतोच. माझ्याकडे टर्बो गोगलगाय रात्रीतून विअरचे, म्हणजे पाणी बॉक्समध्ये जिथून ओलांडते त्या काठाचे, दात ओलांडून बॉक्समध्ये उतरली आणि पाईपच्या जाळीवर अशी चिकटून बसली की निम्म्याहून अधिक खाचा तिच्या पायाखाली गेल्या. सकाळी बॉक्समधले पाणी नेहमीच्या रेषेपेक्षा वर होते आणि दुसऱ्या पाईपमधून खळखळ ऐकू येत होती. ती खळखळ ऐकूनच मी कॅबिनेट उघडले. गोगलगाय सोडवली, पाणी पुन्हा रेषेवर आले, फरशी कोरडी. दुसरा पाईप नसता तर ती सकाळ वेगळी गेली असती.

या कसोटीवर ड्युर्सो लावून बघा. ड्युर्सो वाईट रचना आहे असे मी म्हणत नाही. रिचर्ड ड्युर्सो यांनी ती आवाज कमी करण्यासाठी काढली: उभ्या पाईपच्या माथ्याला टी, टीला खाली वळलेला एल्बो, वर टोपी आणि टोपीला हवेचे बारीक भोक. पाणी पाईपच्या भिंतीला धरून उतरते आणि मधून हवा खेळते. म्हणूनच तोच एक इंची पाईप पूर्ण भरून जेवढे पाणी नेईल त्याच्या मानाने ड्युर्सोत बरेच कमी जाते. आणि तुमच्या टँकवाल्यांच्या नकाशात तो एकटा आहे. त्याच्यामागे काहीच नाही. घरमालकांच्या देवघराच्या वर हा नकाशा नको.

हर्बीमध्ये दोन पाईप येतात. पहिल्याचे तोंड बॉक्समध्ये पाण्याच्या बरेच खाली, आणि त्याच्या खालच्या टोकाजवळ, संपच्या वर, गेट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत पाईप पूर्ण भरून वाहायला लावायचा, आत हवा शिल्लक राहिली नाही की आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. दुसरा पाईप उंच, उघडा, कोरडा, फक्त संकटासाठी. चांगली पद्धत आहे, कोपऱ्यातल्या बॉक्समध्ये तळाला दोनच होल असलेल्या टँकना हीच जमते. तिचा एक नाजूकपणा आहे. व्हॉल्व्ह एका ठराविक प्रवाहाला जुळवलेला असतो. पंपात घाण साचून प्रवाह थोडा उतरला किंवा पाईपच्या आत थर चढला की जुळणी सरकते, आणि बॉक्समधली पातळी वरखाली व्हायला लागते. म्हणून बरेच जण दुसऱ्या पाईपमधून मुद्दाम बारीक धार जाऊ देतात, म्हणजे फरक ती धार सोसते. पण मग तो पाईप निव्वळ आणीबाणीचा राहत नाही.

बीनॲनिमल हे टोपणनाव घेतलेल्या एका अमेरिकन हौशी माणसाने नेमकी हीच जागा भरून काढली. तीन पाईप. पहिला हर्बीसारखाच, भरून वाहणारा सायफन, गेट व्हॉल्व्हसह. दुसरा उघडा पाईप, वरचा थोडा फरक तो नेतो, म्हणून दररोज व्हॉल्व्हला हात लावावा लागत नाही. या दुसऱ्याच्या माथ्याला एक बारीक हवेची नळी असते, तिचे तोंड बॉक्समध्ये नेहमीच्या पातळीच्या जरा वर आणि तिसऱ्या पाईपच्या तोंडाच्या खाली ठेवायचे. पहिला पाईप बंद पडून पाणी चढले की ते तोंड बुडते, हवा मिळत नाही, आणि दुसरा पाईप आपोआप सायफन होऊन जोरात ओढायला लागतो. तोही बंद पडला तर तिसरा आहेच, कोरडा, सगळ्यात उंच.

तुमची लाईट वारंवार जाते-येते, तिथे ही दुसऱ्या पाईपची सोय फार कामाची आहे. लाईट परत आली की पहिल्या पाईपमध्ये हवा भरलेली असते. ती हवा बाहेर पडेपर्यंत तो धड सायफनही नसतो आणि धड उघडाही नसतो, पण पंप तर पूर्ण पाणी पाठवत असतो. तो मधला वेळ दुसरा पाईप सांभाळतो. पहिल्या पाईपचे टोक संपच्या पाण्यात फक्त दोन-अडीच सेंटीमीटर बुडलेले ठेवा. खोल बुडवले तर हवेला बाहेर पडायला त्या पाण्याचा दाब ओलांडावा लागतो आणि सायफन सुरूच होत नाही. पुष्कळांची हर्बी आणि बीनॲनिमल "चालत नाही" ती याच एका गोष्टीमुळे.

काच कापायची आहे, तिसऱ्या होलचा खर्च नगण्य आहे. माझे मत स्पष्ट आहे: मागच्या काचेला वर, बाहेरचा बॉक्स लावून बीनॲनिमल. तळाला होल नको. तळाचा बल्कहेड (होलमध्ये पाईप बसवायचा नट-वॉशरचा जोड) गळला आणि तो कोपऱ्याच्या बॉक्सच्या आत असला तर बॉक्स रिकामा होईल, पण बॉक्सचे सिलिकॉनही सुटले तर अख्खा टँक जाईल. मागच्या काचेचा बल्कहेड गळला तर पाणी होलच्या कडेपर्यंत उतरून थांबते.

आता दुसरा धोका, ज्याकडे पाईपच्या चर्चेत कोणी बघत नाही. लाईट गेल्यावर पाणी उलटे येते. तुमच्या टँकचा पृष्ठभाग ४ × २ फूट, म्हणजे पातळी एक इंच उतरली की सुमारे १९ लिटर खाली आले. तुमच्या संपात एक इंच म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर. वर एक इंच, खाली दोन इंच, हे ध्यानात ठेवा. रिटर्नचे नोझल पाण्याखाली चार इंच ठेवले, तर पंप थांबताच त्याच पाईपने उलटा सायफन लागून ७५ लिटर खाली येतील आणि संप आठ इंच चढेल. १६ इंची संपात ९ इंच पाणी ठेवले असेल तर वर उरतात सात. तुम्हीच बघा. नोझल पृष्ठभागाच्या अगदी लगत ठेवा, अर्धा-पाऊण इंच खाली, आणि पाण्याच्या रेषेला लागून पाईपला हवेचे भोक पाडा. भोकात शेवाळ भरते, म्हणून हिशोब भोकावर विसंबून करू नका, नोझलच्या खोलीवर करा.

उलट बाजूचा हिशोबही करा. सगळे पाईप बंद पडले असे धरा. पंप आपल्या कप्प्यातले पाणी संपेपर्यंत वर टाकेल. कप्पा ८ × १६ इंच आणि पाणी ९ इंच असेल तर ते १९ लिटर झाले, म्हणजे वर बरोबर एक इंच. टँकच्या काठापासून पाण्याची रेषा दीड-पावणेदोन इंच खाली ठेवली तर तेवढे पाणी टँकमध्येच मावते. म्हणून पंपाचा कप्पा लहान ठेवायला सांगा. कोणी मोठा करून देतो म्हटले तरी नको.

आणि ऑटो टॉप-ऑफ (उडून गेलेले पाणी आपोआप भरणारे यंत्र) लावणार असाल तर त्याचा कॅन लहान ठेवा. पाईप बंद पडला की पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरते, सेन्सरला वाटते बाष्पीभवन झाले, तो गोडे पाणी ओतत राहतो. मोठ्या ड्रमला जोडले असेल तर पूरही येईल आणि खारटपणाही कोसळेल. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात बाष्पीभवन खूप होते, मोठा ड्रम लावायचा मोह होतो, मला कळते. तरी दहा लिटरचा कॅन आणि रोज भरण्याची सवय, हेच बरे.

मानेवाडा_रीफ:

ताई, एवढे सविस्तर कोणी सांगितले नव्हते. इंच-लिटरचा हिशोब कागदावर मांडला, बाबांनाही दाखवला. टँकवाल्यांशी बोललो, तीन होल पाडून देतो म्हणाले.

आता काही शंका. प्लंबर म्हणतो रिटर्नला चेक व्हॉल्व्ह टाकून देतो, म्हणजे पाणी उलटे येणारच नाही, नोझल कुठेही ठेवा. गेट व्हॉल्व्हसाठी इतवारीत दोन-तीन दुकाने पाहिली, सगळीकडे पितळी दाखवतात, प्लास्टिकमध्ये म्हणे बॉल व्हॉल्व्हच येतो. बाहेरच्या बॉक्ससाठी टँक भिंतीपासून किती पुढे घ्यावा? आणि ३,००० चा पंप ठीक आहे का?

रीफ_खामला:

पितळी व्हॉल्व्ह अजिबात नको. पितळेत तांबे असते, खाऱ्या पाण्यात ते सुटते, आणि कोरल, गोगलगायी, कोळंबी यांना अगदी थोडे तांबेही मारक आहे. दुकानदार "आतून कोटिंग आहे" म्हणाला तरी नको. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवा, महाग पडेल, पण या सगळ्या सेटअपमध्ये पैसे टाकायची जागा तीच आहे. बॉल व्हॉल्व्हने चालवणारे आहेत, पण त्याची दांडी केसभर हलली तरी प्रवाह खूप बदलतो. गेट व्हॉल्व्हचे चाक पाव फेरा फिरवा, थांबा, बॉक्समधली पातळी स्थिर होऊ द्या, मग पुन्हा पाव फेरा. पातळी दुसऱ्या पाईपच्या तोंडाशी येऊन थांबली आणि त्यात अगदी बारीक धार पडायला लागली की जुळले. त्या क्षणी आधीचा गुरगुर आवाज बंद होतो, तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.

चेक व्हॉल्व्ह प्लंबरच्या दृष्टीने बरोबर आहे, पाण्याच्या टाकीला तो वर्षानुवर्षे चालतो. रीफ टँकमध्ये त्याच्या पडद्यावर चुन्याचे थर बसतात, नळीत राहणाऱ्या बारीक गोगलगायी आत घर करतात, वाळूचा एक कण अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही. बसवायचाच असेल तर बसवा, दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारे जोड) देऊन, म्हणजे काढून व्हिनेगरमध्ये टाकता येईल. पण संपातली मोकळी जागा तो नाहीच असे धरून ठेवा.

भिंतीपासून अंतर बॉक्सच्या खोलीवर आहे. एक इंची बल्कहेड, त्याचा नट फिरवायला जागा आणि वरून एल्बो काढायला हात, एवढे मावायला बॉक्स पाच-सहा इंच खोल लागतो, त्यामागे एक-दीड इंच ठेवा. बॉक्समधले एल्बो आणि टी सॉल्व्हंटने चिकटवू नका, दाबून बसवा, पुढेमागे काढून धुवावे लागतात. आणि जाळी फक्त पहिल्या पाईपला. तिसऱ्या पाईपला जाळी म्हणजे त्यालाही बंद पडायची सोय करून देणे.

पंप ३,००० चा ठीक. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, तुमच्याकडे पाणी साडेचार-पाच फूट चढेल, एल्बो आहेत, प्रत्यक्षात दोन हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमीच येईल. डब्यावर किंवा माहितीपत्रकात उंचीचा आलेख असतो, तो बघूनच घ्या. टँक साडेचारशे लिटरचा, ताशी चार-पाच वेळा फिरले तर पुरे. कोरलना हवी ती हालचाल वेव्हमेकर (टँकमध्येच पाणी ढवळणारा छोटा पंप) देतो. जास्त ताकदीचा पंप घेतला की पाईपवरचा भार वाढतो, त्याचा उपयोग काही नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर वेव्हमेकर टाका, म्हणजे लाईट नसताना पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहील.

झोआ आणि मशरूम निवडलेत ते चांगले. पुढे कोणी दगडी कोरलचे तुकडे स्वस्तात देतो म्हटले तर घेऊ नका. रीफ बांधणारे सगळे दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

काचकाम_सक्करदरा:

माझे काम काचेचे आहे म्हणून थोडे बोलतो. मागची काच टफन्ड असेल तर तिला होल पडत नाही, सगळी चुरा होते. साधी ॲनील्ड काच आहे हे कापणाऱ्याकडून खात्री करून घ्या, आणि होल टँक जोडायच्या आधी, काच आडवी ठेवून पाडायला सांगा. डायमंड होल सॉ, वर सतत पाणी, हात हलका. शेवटच्या दोन मिमीला घाई केली की मागून कपची निघते. होलच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान होलच्या व्यासाएवढी काच सोडा, दोन होलच्या मध्येही तेवढीच.

बल्कहेड आधी विकत घ्या आणि काचवाल्याच्या हातात द्या. एक इंची बल्कहेडला एक इंची होल लागत नाही, मोठे लागते, आणि प्रत्येक बनावटीचे माप वेगळे. हार्डवेअरवाला टँक निपल देतो तेही चालते, पण रबराचा वॉशर पाण्याच्या बाजूला येऊ द्या आणि नट हातानेच आवळा.

मानेवाडा_रीफ:

दोघांचेही मनापासून आभार. टँक भिंतीपासून आठ इंच पुढे घेतो आहे, कॅबिनेटही त्या मापाने. बल्कहेड मागवले. मीठ टाकायच्या आधी चाचणी कशी घेऊ तेवढे सांगा. आणि कॅबिनेटमध्ये जागा कमी आहे, गेट व्हॉल्व्ह आडव्या पाईपवर बसवला तर चालेल का?

रीफ_खामला:

चाचणी नळाच्या साध्या पाण्याने, सुट्टीच्या दिवशी, दोघेही घरी असताना. पंप चालू करून व्हॉल्व्ह जुळवा आणि संपवर मार्करने रेषा मारा. मग स्विच बंद. पाणी किती चढते ते बघा, तिथे दुसरी रेषा. रोजचे पाणी पहिल्या रेषेच्या वर कधी भरायचे नाही. मग स्विच भराभर चार-पाचदा बंद-चालू करा, तुमच्याकडे वावटळीत होते तसेच, आणि प्रत्येक वेळी सायफन आपोआप लागतो का ते बघा. पुढे पहिल्या पाईपच्या तोंडात ओला फडका कोंबा. दुसऱ्याची हवेची नळी बुडून तो ओढायला लागला पाहिजे. मग दुसराही बंद करा. तिसऱ्या पाईपने एकट्याने सगळे पाणी नेले पाहिजे आणि टँकमधली पातळी काठाच्या खाली थांबली पाहिजे. हे झाल्याशिवाय मिठाची गोणी फोडू नका. तिसऱ्या पाईपचे संपातले टोक पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे त्यातून पाणी पडले तर बाबांना हॉलमध्ये ऐकू येईल.

गेट व्हॉल्व्ह आडवा चालतो, पण त्या आडव्या तुकड्याला संपच्या दिशेने थोडा उतार द्या, नाहीतर हवा तिथेच अडकून बसते. आणि चाक कॅबिनेटच्या दाराकडे येऊ द्या.